वरच्या अंगाचं खाचर

होळी झाली की पुढचे दोन महिने मला नीट जात नाहीत. उन्हाचा त्रास म्हणावा तर तसं नाही; ऊन मी लहानपणापासून अंगावर घेतलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात माझ्या तळहातांना घट्टे पडले होते. ते कधीच विरून गेले. आता हे हात कागद हाताळणारे, मऊ आहेत. तरी शिमगा सरला, आमच्या कार्यालयाच्या आवारातला कडुनिंब फुलला, की हातांना पहारीच्या लोखंडाचा वास येतोय असं वाटायला लागतं. मग मी उगाचच उठून हात धुऊन येतो.

यंदा तो वास जास्तच येत राहिला. कार्यालयात एक नवी मुलगी लागली आहे, तेवीस वर्षांची. काम चोख करते, पण चेहऱ्यावर सतत काहीतरी हरवल्यासारखं. एका दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, "सर, खरंच लोकांचं भलं करायचं असेल, तर माणसानं स्वतःला नेमकं कुठं घालावं? म्हणजे जास्तीत जास्त उपयोग होईल असं?" मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "एका वाडीत जाऊन बसले तर बाकीच्या वाड्यांचं काय, असं वाटतं. आणि इथं टेबलाशी बसले की मी कुणाच्याच कामाची नाही असं वाटतं. घरी आईशी बोलत बसले तरी वेळ वाया घालवतेय असं वाटतं."

मी तिला उत्तर दिलं. आमच्या अहवालांत असतं तसं, गोल, गुळगुळीत. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तिचं पेन चालताना बघून मी डबा झाकून ठेवला.

तशीच एक वही माझ्याकडं होती.

मी ओझरच्या बाजूचा. विघ्नहराच्या देवळाच्या घंटा वाऱ्याबरोबर ऐकू येतील एवढ्या अंतरावर आमचं रान. ऊस, कांदा, थोडी द्राक्षं. कालव्याचं पाणी बारमाही, त्यामुळं आमच्या घरानं कधी पावसाकडं हात जोडले नाहीत. कॉलेज संपवून मी एकदा मित्रांबरोबर आहुप्याच्या कड्यावर गेलो होतो. वैशाख होता. खाली कोकण धुरकट दिसत होतं आणि आमच्या शेजारून दोन बायका डोक्यावर हंडे घेऊन चढत होत्या. झऱ्यावर नंबर लावून भरलेलं, गढूळ पाणी. एकीनं विचारलं, "पावणं कुठलं?" मी म्हणालो, "ओझरचा." ती म्हणाली, "म्हंजी पान्यातलंच की." एवढंच बोलून ती पुढं गेली. पावसाळ्यात या डोंगरांवर कोसळणारं पाणी धरणात जातं, तिथून कालव्यांनी खाली येतं आणि शेवटी आमच्या उसाच्या मुळाशी पोचतं, हे मी भूगोलात शिकलो होतो. त्या दिवशी ते अंगाला चिकटलं, आणि अजून सुटलेलं नाही.

पंचविसाव्या वर्षी मी एका संस्थेत दाखल झालो आणि आहुप्याच्या अलीकडच्या एका अकरा घरांच्या वाडीत राहायला गेलो. वहीचं पहिलं पान तिथंच लिहिलं. रोज संध्याकाळी मी त्यात स्वतःला एकच प्रश्न विचारायचो: आज माझे तास जिथं गेले, त्याहून जास्त उपयोगी पडतील अशी जागा होती का? बहुतेक दिवशी उत्तर 'होती' असंच यायचं. कुणाच्या ओट्यावर चहा घेत अर्धा तास गेला, की तो अर्धा तास लिहून ठेवायचो, गुन्हा लिहावा तसा. आईनं निरोप धाडला, "चतुर्थीला तरी ये, दोघं मिळून देवाला जाऊ." मी कळवलं की तिथं माझं काही अडलेलं नाही, इथं अडलंय. तिनं पुन्हा बोलावलं नाही. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्याबरोबर देवळात जायची ती चतुर्थी माझ्या कुठल्याच वहीत नाही.

त्या वाडीत उन्हाळ्याचं मोठं काम म्हणजे पडकई. डोंगराच्या उतारावर भात होत नाही; भाताला सपाट, पाणी धरणारी जमीन लागते. म्हणून उताराच्या खालच्या अंगाला दगडांची ताल रचायची, म्हणजे जाड बांध, आणि वरची माती ओढून त्याच्यामागं भरायची. मग पायरीसारखं एक अरुंद खाचर तयार होतं. एकट्या घराला हे जमत नाही, कारण तालीचे पायाचे दगड चौघांनी पहारी लावल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून सगळी वाडी मिळून एकेकाच्या रानात जायची. आज याच्याकडं, ते संपलं की त्याच्याकडं. ज्याचं रान त्यानं दुपारची भाकरी घालायची. आणि तालीचा शेवटचा दगड त्या घरच्या बाईनं बसवायचा. तो बसला की सगळे हात झटकून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घराकडं वळायचे.

कुणाचं घर कितवं, हे वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या किसनबाबांच्या डोक्यात असायचं. गेल्या उन्हाळ्यात पावसानं काम जिथं थांबवलं, यंदा तिथून पुढं. कुणाची जमीन किती, कुणाकडून किती माणसं येतात, हे कुणी विचारत नसे.

पहिल्या दिवशी पहार धरली आणि तासाभरात तळहाताला फोड आले. माझ्याच वयाचा भिवा शेजारी होता. त्यानं माझा हात उलटा करून सगळ्यांना दाखवला. "ह्ये बगा, बागायती हात. पाटाच्या पान्यावर वाढल्यालं." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. त्या महिन्याभरात मी वहीत काहीच लिहिलं नव्हतं, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. संध्याकाळी अंग दुखायचं, वाळत घातलेल्या हिरड्याचा तुरट वास अंगणभर असायचा, करवंदांनी जीभ काळी झालेली असायची, आणि झोप लागायची.

मग हौसाबाईचा नंबर आला.

हौसाबाई चाळिशीची असेल तेव्हा. नवरा हिरडा काढताना झाडावरून पडून गेला होता. घरी ती आणि दहा-बारा वर्षांची लेक. तिचं रान सगळ्यांत वर, कातळाच्या पोटाशी. मी आदल्या दिवशी जाऊन पाहून आलो. उतार तीव्र, माती वीतभर, मध्ये दोन प्रचंड दगड. तिथं एक खाचर करायला वाडीला दहा दिवस लागले असते. आणि खाली ओढ्याच्या अंगाला, भिवाच्या आणि आणखी दोन घरांच्या रानात, त्याच दहा दिवसांत चार रुंद खाचरं झाली असती. तीन घरांच्या ताटात भात. मी वही उघडली. गणित अर्ध्या पानात संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघायच्या आधी मी सगळ्यांना किसनबाबांच्या अंगणात थांबवलं आणि काडीनं मातीत रेघा काढून दाखवल्या.

"नंबर हौसाचा हाय," किसनबाबा म्हणाले.

"नंबर मोडायचा नाही बाबा, पुढं ढकलायचा. आधी खालची खाचरं, मग मावशीचं. पाऊस लवकर आला तर निदान जास्तीची जमीन तरी हाताशी लागलेली असेल."

"आन तिचं ऱ्हायलं तर?"

"राहणार नाही."

भिवा रेघांकडं बघत म्हणाला, "भाऊंचं गनित लई भारी हाय राव. शाळंत आसं कुनी शिकवलं आसतं तर मी दुसरीत दोनदा कशाला बसलो आसतो?" लोक हसले. हसण्यात निम्मा होकार येऊन गेला. किसनबाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "हिशेब बराबरच दिसतो. पन हिकडं कुनी हिशेब घालत न्हाई, म्हनून समदी येत्यात." मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं आडमुठेपण वाटलं. मी म्हणालो, "मावशींनाच विचारू या." अकरा घरांच्या माणसांसमोर, आधीच हसून झालेल्या माणसांसमोर, मी एका विधवेला विचारलं की तुझं मागं ठेवलं तर चालेल का. आणि मला वाटत होतं की हा न्याय आहे.

हौसाबाई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "समद्यांला पटत आसंल तर माझं काय. माझं रानच वाकडं, त्याला भाऊ तरी काय करत्याल." मग जरा थांबून, "पन औंदा व्हईल ना?"

"होईल मावशी. वीस दिवसांत."

आम्ही खाली ओढ्याकडं गेलो. दुपारी सावलीला बसलो, तर वरून हौसाबाई आणि तिची लेक उतरताना दिसल्या. डोक्यावर पाट्या. जवळ येऊन तिनं फडकं सोडलं: नाचणीच्या भाकरी, हुलग्याची उसळ, वर सुकटीची चटणी. त्या दिवशी जेवण भिवाच्या घरचं होतं. भिवाची आई म्हणाली, "हौसे, ह्ये गं काय?" ती म्हणाली, "दळान करून ठिवलं व्हतं. माझा नंबर म्हनून. पीठ ऱ्हातंय व्हय? किडं पडत्याल." आणि तिनं सगळ्यांना वाढलं. मलाही वाढलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीची चव मला आजही सांगता येईल, पण ती खाताना घशाशी काही अडकलं होतं असं मात्र सांगता येणार नाही. काही अडकलं नव्हतं. मी खूश होतो. खाली दगड पटापट बसत होते.

खालची चार खाचरं झाली, आणि मधल्या दिवसांत वाडी हिरडा उरकायला पांगली. मी अहवाल लिहिला, मातीतल्या रेघा आता कागदावर आखून. आठवड्याभरात पुण्याहून संस्थेच्या मुख्य कार्यालयाचा निरोप आला की या पद्धतीवर बोलायला या. निघालो तेव्हा हौसाबाई सडकेच्या कडेला बाळहिरडा पसरत बसली होती. पायानं हिरडे सारखे करत तिनं विचारलं, "परत कवा?"

"चार दिवसांत. आलो की तुमचंच काम."

चार दिवसांचे आठ झाले. तिथं मला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं आणि एक नकाशा. म्हणाले, एका वाडीत जे केलंस ते शंभर वाड्यांत होऊ दे. हेच मला हवं होतं. माझ्या वहीच्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर याआधी मिळालं नव्हतं. नवव्या दिवशी वळवाचा जोरदार पाऊस झाला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती की घाटमाथ्यावर यंदा पाऊस लवकर. मी ती वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि मीटिंगला गेलो.

पुढं काय झालं ते मला भिवाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. तो बाजाराला घोडेगावला आला की कधीमधी फोन करायचा. पुढच्या उन्हाळ्यात किसनबाबांनी हौसाबाईचं नाव पहिलं घेतलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, आधी ओढ्यालगतचं घेऊ, भाऊंनी सांगितलेलं तसं. दुसरा म्हणाला, मग माझं का नको, माझ्यातही माती बख्खळ आहे. तिसऱ्यानं काडी उचलून मातीत रेघा काढल्या. प्रत्येकाकडं आता स्वतःचं एक गणित होतं, आणि सगळी बरोबर होती. किसनबाबा उठून घरात गेले. त्यानंतर दोन उन्हाळे थोडे थोडे लोक जमले, मग तेही नाही. किसनबाबा गेले. खालच्या रानांत पुढं यंत्रं आली, एका दिवसात ताल उभी करणारी. वर कातळाशी यंत्र चढत नाही.

इथं मी एक कबूल केलं पाहिजे, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. गणित चुकलं नव्हतं. ती चार खाचरं आजही आहेत. त्या तीन घरांना भात आता दोन महिने जास्त पुरतो. भिवाचा मुलगा शिकतोय. मी शंभरावर गावांत काम उभं केलं, त्यातलं बरंचसं टिकलं. मी स्वतःला नुसता दोष देऊ लागलो की ही खाचरं समोर येतात, आणि समाधान मानू लागलो की भाकऱ्यांच्या पाट्या येतात. या दोन्हींच्या मध्ये मी इतकी वर्षं एकटाच बसून आहे. बायकोला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "अहो, पण तुमच्या मनात वाईट नव्हतं ना?" नव्हतं. म्हणूनच तर कुणाकडं जाऊन माफी मागावी ते कळत नाही.

त्या मुलीनं माझं उत्तर वहीत उतरवलं, त्यानंतरच्या रविवारी मी गाडी न काढता एस.टी.नं निघालो. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं. पाणी खूप खाली गेलं होतं, काठावर तडकलेल्या चिखलाचे पट्टे. गाडीत हिरड्याची पोती होती आणि तो तुरट वास. वाडीच्या फाट्यावर एकटाच उतरलो. भिवाच्या घराला कुलूप होतं. सगळे लग्नाला गेलेले. मला बरंच वाटलं.

वर चढताना दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला.

कातळाच्या पोटाशी हौसाबाई वाकून ताल रचत होती. केस पांढरे झालेले, अंग वाळलेलं. मी "मावशी" म्हणून हाक मारली, तर नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "वळीखलं. आवाज त्योच हाय. पोट तेवढं नवं."

मी हसलो. लेक कुठं असते, विचारलं. "मढाला दिलीया. दोन पोरं हायती." मग म्हणाली, "आता किती गावं हायती तुमच्याकं?"

"शंभराच्या वर."

"मंग लई काम आसंल." मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता.

ताल कमरेइतकी होती आणि दोन-तृतीयांश झालेली. बघता बघता मला तिच्यातलं वेगळेपण दिसलं. खालच्या सगळ्या ताली मोठ्या, चौघांनी सरकवलेल्या धोंड्यांच्या. ही पायापासून वरपर्यंत लहान दगडांची. एका बाईला दोन हातांनी उचलता येतील एवढेच. दरवर्षी हिरडा झाला की पावसापर्यंत जेवढी होईल तेवढी, ती म्हणाली. दोनदा फुटली. ते दोन प्रचंड दगड जागेवरच होते. ताल त्यांना वळसा घालून गेली होती.

"मावशी, त्या वर्षी तुमचा नंबर..." मी सुरुवात केली.

"तवाचं ध्यानात हाय की," ती म्हणाली. "भाकरी दोन खाल्ल्या व्हत्या तुमी. ग्वाड लागल्या व्हत्या तुमाला." आणि हात पुढं केला. "त्यो दगूड द्या हिकडं."

मी दिला. मग चप्पल काढून स्वतःही रचायला लागलो. दोन तास काम चाललं. ती झपाझप रचत होती. मला एकेक दगड बसवायला वेळ लागत होता, सगळे मिळून चारच बसवले असतील. बाकी वेळ तिला दगड आणून देत राहिलो. तळहाताला पुन्हा फोड आले. मी म्हणालो, "पूर्वी शेवटचा दगड घरच्या बाईनं बसवायचा, नाही का?"

ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "आता समदंच मीच बसवती."

चारच्या गाडीची वेळ झाली तशी तीच म्हणाली, "जावा. गाडी चुकल. ही शेवटचीच हाय." मी पुन्हा येतो म्हणालो नाही. ते शब्द तिथं एकदा वापरून झाले होते.

खालच्या वळणाशी येऊन मी मागं पाहिलं. हौसाबाई माझ्या दगडांपाशी आली होती. पहिला तिनं काढला, उलटा केला, खाली दगडाची एक चपटी चीप घातली आणि ठोकून बसवला. मग दुसरा. तिसराही. मी झाडाआड सरकलो, तिला दिसू नये म्हणून. चौथ्यापाशी ती थांबली. दोन्ही हातांनी तो हलवून पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग तो तसाच ठेवून ती नवा दगड आणायला वळली.

खाली सडकेवर गाडीचा हॉर्न वाजला, आणि मी धावत सुटलो.